सांडव्याचं पाणी

जळकोट तालुक्यात धबधबा बघायचा तर आधी तलाव भरावा लागतो. डोंगर आम्हाला कमी नाहीत. बालाघाटाच्या रांगा इथपर्यंत येतात, माळ आहेत, घळी आहेत, एका रात्रीत कमरेइतक्या पाण्यानं धावणारे ओढेही आहेत. पण रात्री धावलेला ओढा दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गोटे दाखवतो. कड्यावरून पाणी आठवडेच्या आठवडे पडत राहावं, इतकी सवड इथला पाऊस देत नाही. त्यामुळं आमच्याकडचे बहुतेक धबधबे हे तलावांचे सांडवे आहेत, माणसांनी खोदलेले. जून-जुलैचा पाऊस जमीन पिऊन टाकते, ऑगस्टमध्ये विहिरींचे झरे मोकळे होतात, आणि गौरी-गणपतीच्या पुढंमागं एखाद्या सकाळी ओळखीचा फोन येतो, “सर, सांडवा वाहायलाय. येताव का?”

मी जातो तो पाझर तलाव एका लहान गावाच्या वर, वन विभागाच्या जमिनीत आहे. गावाचं नाव इथं लिहीत नाही. जागा लहान आहे, गर्दी तिला सोसणार नाही. लातूर जिल्ह्यात वनाखालची जमीन एक टक्क्याच्याही आत आहे. कोकणातल्या किंवा मेळघाटातल्या माणसाला आमचं जंगल झुडपांचा माळ वाटेल. धावडा, खैर, पळस, हिवर, मधूनच एखादं मोह, उताराला सीताफळीची बेटं, आणि वन खात्यानं लावलेल्या ग्लिरिसिडियाच्या सरळ ओळी. उन्हाळ्यात इथून गेलं तर पानगळीच्या आवाजाशिवाय काही नसतं. पण आहे तेवढ्याला आम्ही जंगल म्हणतो आणि मान देऊन म्हणतो, कारण रानडुक्कर, ससा, मोर, तरस या सगळ्यांना पंचक्रोशीत दुसरी जागा उरलेली नाही.

पायवाट तलावाच्या भिंतीवर चढते. भिंत मातीची, पाण्याकडच्या अंगाला दगडांचं पिचिंग. पाझर तलावाला दार नसतं, कालवा नसतो. अडवलेलं पाणी खाली जमिनीत उतरावं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना मिळावं, एवढंच त्याचं काम. मातीच्या भिंतीच्या पोटात काळ्या मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. त्याच्यावर मुरुमाचं जाड आवरण, ते गाभ्याला धरून ठेवतं. अशा भिंतीला पाण्याचा भार सोसतो, मात्र तिच्या माथ्यावरून पाणी गेलेलं सोसत नाही. एकदा पाणी माथ्यावरून सांडायला लागलं की मागच्या उताराची माती धुऊन जाते आणि काही तासांत भिंतीला खिंडार पडतं. म्हणून भिंतीच्या एका टोकाला, जिथं पक्का खडक लागतो तिथं, माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर सांडवा खोदतात. भरलेल्या तलावातलं जास्तीचं पाणी तिथून निघतं, खडकातल्या चरातून थोडं चालतं, आणि जिथं चर संपतो तिथं खाली ओढ्यात उडी घेतं. तोच आमचा धबधबा. उंची दोन परस असेल नसेल.

मी तिथं पोचल्यावर आधी खाली उतरत नाही, वरच थांबतो. सांडव्याचा उंबरा सिमेंट-दगडाचा आहे, मधोमध तडकलेला. त्याच्यावरून येणारं पाणी इतकं सपाट असतं की तळाचं शेवाळ एकाच दिशेला विंचरल्यासारखं दिसतं. पुढं चराच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, काळ्या खडकात एक सरळ उभी खाच आहे. अंगठा नीट बसेल एवढी रुंद, आतून गुळगुळीत, हातभर लांब. अशा खाचा तिथं आणखीही आहेत, पण या एका खाचेत मी प्रत्येक वेळी बोट फिरवून बघतो. ते सुरुंगाचं अर्धं भोक आहे. पहार आणि घण घेऊन माणसांनी खडकात भोक पाडलं, त्यात दारू ठासली, बत्ती दिली. खडकाचा एक भाग उडाला आणि भोकाची एक बाजू इथं राहिली. खाली पडणाऱ्या पाण्याकडं पाहून हा धबधबा कुणी केला याचा पत्ता लागत नाही. ही खाच तो पत्ता देते.

उंबऱ्याच्या पलीकडं मात्र माणसाचं काम संपलं आहे. वरचा काळा खडक टणक आणि त्याच्या खालचा थर तांबूस, ठिसूळ. दख्खनच्या पठारावर हे सगळीकडंच दिसतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक साचले, आणि दोन लोटांमध्ये जिथं वेळ गेला तिथं मातीचा लाल थर राहिला. पाण्यानं पन्नास वर्षांत हा मऊ थर आतून खाल्ला आहे. त्यामुळं वरचा खडक छज्ज्यासारखा पुढं आलाय, पाणी भिंतीला न चिकटता सुटून पडतं आणि त्याच्यामागं एक माणूस वाकून बसेल एवढी पोकळी झाली आहे. सह्याद्रीतले मोठे कडेही पाणी असेच मागं सारत नेतं, फक्त तिथं लाखो वर्षं गेली आहेत. पडत्या पाण्यानं खाली डोह केला. डोहाकाठी नेचे आले, खडकात खेकडे आले, फांदीवर खंड्या बसायला लागला. यातलं काहीही कुणाच्या नकाशात नव्हतं. माणसानं एवढंच ठरवलं होतं की पाण्यानं इथून जावं.

सहस्रकुंड आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आहे. पैनगंगेचं अख्खं पात्र तिथं काळ्या कातळावरून कोसळतं, आणि भरल्या नदीतला तो धबधबा ज्यानं पाहिला त्याला आमचा सांडवा दाखवायला नेऊ नये, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. सहस्रकुंडापुढं माणूस गप्प होतो, ते योग्यच आहे. पण तिथं मला विचारायला काही उरत नाही. इथं उरतं. हे पाणी इथंच का पडतंय, कुणी ठरवलं, कुणाच्या हातानं झालं, पडल्यावर ते कुणाचं, हे सगळे प्रश्न त्या दोन परस उंचीत आहेत, आणि त्यांची उत्तरं जवळपासच्या गावांत अजून जिवंत आहेत.

डोहाच्या वरच्या खडकावर शेळ्या घेऊन एक म्हातारी बसलेली असते. पहिल्यांदा बोललो तेव्हा तिनं विचारलं, “सर, तुमी कुन्या गावचे?” जळकोट म्हटल्यावर तिला बरं वाटलं. बोलता बोलता निघालं की बहात्तरच्या दुष्काळात ती या कामावर होती. तेव्हा जळकोट तालुका नव्हता, लातूर जिल्हाही नव्हता. लातूर जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधी हा सगळा मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यात होता.

“आमी हितं काम केलो,” ती म्हणाली. “माजी माय डोईवर मुरूम वाहायची. मी लहान, मस्टरवर नाव न्हवतं, पानी पाजायची समद्यांला. सुरुंगाची शिट्टी झाली की त्या लिंबाखाली पळायचो.”

लिंब अजून आहे. तिनं हात करून दाखवला.

त्या वर्षांबद्दल आमच्या भागात दोन शब्द अजून ऐकू येतात, मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, जिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. सुकडी म्हणजे कामावर मिळणारं गोडसर पौष्टिक पीठ. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते झाले, नालाबांध झाले, खडीचे ढीग झाले, आणि असे पाझर तलाव झाले. मागेल त्याला काम हा विचार वि. स. पागे यांनी आधीपासून लावून धरला होता. दुष्काळानं तो राज्याच्या गळी उतरवला आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. पुढं २००५ साली देशानं तसाच कायदा केला. म्हणजे या उंबऱ्याचं आणि दिल्लीतल्या एका कायद्याचं नातं आहे. ते म्हातारीला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायची तिला गरजही नाही. तिनं तो कायदा डोक्यावरून वाहिला आहे.

मी तिला विचारलं, “मावशी, पाणी पडताना पहिल्यांदा कधी बघितलं?”

“काम झालं, आन माजं लगीन झालं. दोन सालानं म्हायेरी आले तवा बघितले.”

“काय वाटलं?”

“मायला हाक मारले. म्हनले, बग माय, तुजा मुरूम न्हाई गेला वाहून.”

तिनं धबधब्याकडं पाहिलं नव्हतं, भिंतीकडं पाहिलं होतं. सांडव्यातून पाणी पडतंय याचा अर्थ तलाव काठोकाठ भरलाय आणि भिंत उभी आहे. आईच्या डोक्यावरून गेलेला एकेक टोपलं मुरूम जागेवर आहे. हे तिला एका नजरेत कळलं. मी मात्र तोपर्यंत फक्त पडणारं पाणी बघत होतो, आणि तिच्या त्या बोलण्यानंतर खाली उतरण्याआधी भिंतीवरून एक फेरी मारायला लागलो.

पडणारं पाणी बघता यावं अशी सोय ठेवून बांधलेला धबधबाही मराठवाड्यात आहे, आणि तो चारशे वर्षांचा आहे. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यात बोरी नदीवर नळदुर्गचा किल्ला आहे. तिथून जवळच सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर जळकोट नावाचंच दुसरं गाव आहे, त्यामुळं आमच्या जळकोटच्या माणसाला तिकडं गेल्यावर आपण कुठले हे नेहमी खुलासा करून सांगावं लागतं. बोरी नदी वळवून किल्ल्याभोवती घेतली आहे, आणि नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ हा छोटा किल्ला यांच्यामध्ये नदीवर दगडी बंधारा घातला आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन या स्थपतीनं तो बांधला, असं तिथला फारसी शिलालेख सांगतो. या बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे. लोक त्याला पाणीमहाल म्हणतात.

बंधाऱ्याच्या माथ्यावरून अरुंद पायऱ्या आत उतरतात. वर सपाट दगडी वाट असते, आणि चार पायऱ्या खाली गेलं की हवा एकदम बदलते. भिंतीच्या जाडीत कोरल्यासारखी खोली, कमानी, नक्षी, आणि नदीच्या खालच्या अंगाला उघडणारा सज्जा. वरचं बोरी धरण भरलं की बंधाऱ्यावरून दोन धारा पडतात. एकीला नर म्हणतात, दुसरीला मादी. सज्ज्यात उभं राहिलं की पाणी डोक्यावरून येऊन समोर, हाताच्या अंतरावर पडत असतं आणि आपण कोरडे असतो. इतक्या पाण्याच्या पोटात बसलेली खोली चारशे वर्षं गळत नाही, हे पाहून कुणाही गवंड्याला हात जोडावेसे वाटतील.

बंधारा किल्ल्याच्या संरक्षणासाठी होता. पाणी अडलं की शत्रूला एक बाजू बंद झाली, आणि गडावर पाण्याची ददात राहिली नाही. इथपर्यंत सगळं गरजेचं. पण सज्ज्याची गरज काय होती? तिथून बाण मारता येत नाही, तोफ लावता येत नाही. तिथं फक्त बसता येतं आणि पाणी बघता येतं. इब्राहिम आदिलशहा गाण्याचा वेडा होता, 'किताब-ए-नौरस' हा गीतांचा ग्रंथ त्याचाच. मला वाटतं, पाण्याचा आवाज जवळून ऐकायची इच्छा असलेल्या माणसाशिवाय ही खोली दुसऱ्या कुणाला सुचली नसती. त्यानं सौंदर्याला जागा ठेवली, आणि ती जागा बांधकामात ठेवली, बांधकामाच्या बाहेर नाही. भिंतीची ताकद आणि बघणाऱ्याचं सुख एकाच दगडात बसवलं.

आमच्या सांडव्यावर असा सज्जा नाही. तो करायला कुणाला सवड नव्हती. पोटात मिलोची भाकरी होती आणि डोक्यावर मुरुमाचं टोपलं. दोन्ही जागा पाहिल्यावर मला तुलना करावीशी वाटत नाही, पण एक गोष्ट मनातून जात नाही. नळदुर्गला बांधणाऱ्यानं पुढच्या माणसाच्या डोळ्यांचा विचार केला होता. इथं बांधणाऱ्यांच्या मनात पुढच्या माणसाची विहीर होती. डोळ्यांना जे मिळालं ते पाण्यानं स्वतःहून दिलं. दोन्ही ठिकाणी पुढच्या माणसाचा विचार झाला होता, आणि मला त्याचंच अप्रूप जास्त वाटतं. नळदुर्गच्या शिलालेखात बांधणाऱ्याचं नाव आहे. सांडव्याच्या उंबऱ्यावर एकही नाव नाही, सुरुंगाच्या खाचा आहेत.

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत आणखी वेगळा प्रकार दिसतो. तिथं डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी मातीच्या नळांतून आणलं, उंच भिंतीवर चढवलं आणि तिथून हौदात सोडलं. त्या जोरावर दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी धान्य दळलं जायचं. पाण्याकडून काम करून घेतलं आणि पडता पडता ते चांगलं दिसलं, हे तिथलं वैशिष्ट्य. भंडारदऱ्याला १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाचा छत्रीसारखा पडणारा धबधबा तर मोरी उघडली की सुरू आणि मिटली की बंद. सांडव्याचं तसं नाही. त्याला कुणी सुरू करत नाही. पाऊस, ओढा, तलाव आणि वरचं रान या सगळ्यांचं एकमत झालं की तो सुरू होतो.

सांडवा वाहायला लागला की गावात एक बोलणं हमखास होतं, ते म्हणजे पाणी वाया चाललं. ज्या माणसांनी एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येताना पाहिलंय, त्यांच्या तोंडून हे येणारच. ती पहिली गाडी १० टाक्यांची होती, ५ लाख लिटर पाणी. शहर त्या पाण्याची वाट बघत होतं, देशभराचे कॅमेरे स्टेशनवर होते. आता हिशेब करून बघा. दहा मीटर रुंद उंबऱ्यावरून दहा सेंटिमीटर जाडीचं पाणी वाहत असेल तर सेकंदाला साधारण ५०० लिटर जातं. म्हणजे त्या गाडीतलं सगळं पाणी आमच्या या लहानशा सांडव्यावरून सतरा मिनिटांत निघून जातं. हा आकडा मी मांडला तेव्हा मला स्वतःला झोप लागली नाही. आपल्या डोळ्यांदेखत, हात लावता येईल इतक्या जवळून, दर सतरा मिनिटांना एक पाण्याची गाडी चालली आहे, आणि आठ महिन्यांनी याच गावात टँकर येणार आहे.

त्यातूनच उंबरा वाढवायची कल्पना निघते. कुणीतरी म्हणतं, दोन फूट दगड रचा, पोती टाका, तेवढंच पाणी जास्त राहील. आणि काही गावांत पोरं खरोखर वाळूची पोती टाकतात. हेतू चांगला असतो, पण हे करू नये, आणि का करू नये हे प्रत्येक गावात मोठ्या आवाजात सांगितलं पाहिजे. सांडव्याचा उंबरा आणि भिंतीचा माथा यांच्यामधलं अंतर हे मोठ्या पुरासाठी ठेवलेलं असतं. तिथं पोती टाकली तर साध्या पावसात काही होत नाही, फायदाच दिसतो. पण ज्या रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस येतो, त्या रात्री पाण्याला निघायला वाट अपुरी पडते आणि ते भिंतीच्या माथ्यावर चढतं. मातीची भिंत मग टिकत नाही. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं धरण फुटलं आणि खालची वाडी झोपेत वाहून गेली. त्याची कारणं काहीही असोत, मातीचं धरण फुटलं की खालच्या माणसाला उठून बसायलाही वेळ मिळत नाही, हे त्या रात्रीनं दाखवलं. आणि ढगफुटीचा पाऊस कोकणातच होतो असं आता म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२५मध्ये आमच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ आणि आसपासच्या गावांत रातोरात पाणी शिरलं, माणसं गेली, गोठ्यातली जनावरं दाव्याला बांधलेली तशीच गेली. तिथून आमचं गाव लांब नाही.

म्हणून सांडव्यावरून पडणारं पाणी वाया जातंय हे मला मान्य होत नाही. ते पाणी पडल्यामुळं वरची भिंत उभी राहते. शिवाय ते जातं कुठं? ओढ्यानं खालच्या शिवारात, तिथल्या बंधाऱ्यात, तिथून तिरू नदीच्या अंगाला आणि शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात. वाटेत किती विहिरी आहेत, किती बोअर आहेत, किती डोहांत म्हशी बसणार आहेत. वरच्या गावाला जे जास्तीचं, ते खालच्या गावाचं पहिलं पाणी असतं. खालच्या गावातला एक शेतकरी मला म्हणाला होता, “तुमचा सांडवा पडला की आमची हरभऱ्याची पेरणी ठरती.” त्यानं सांडवा पाहिलेलाही नव्हता. त्याच्या विहिरीची पातळी त्याला सांगायची.

पाणी जास्त राहावं असं वाटत असेल तर ते उंबरा वाढवून नव्हे, तलाव खोल करून राहतं. पन्नास वर्षांत वरच्या माळाची माती पावसागणिक तलावात आली आहे. जिथं पूर्वी हत्ती बुडेल म्हणायचे तिथं आता बैल पोट भिजवून येतो. जलयुक्त शिवारची कामं २०१४च्या अखेरीपासून सुरू झाली, २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली. योजनांचं कुठं काय झालं याचे हिशेब निराळे असतील, पण गाळ काढून तो हलक्या रानात टाकणं हे इथल्या मातीला आणि तलावाला दोघांनाही सोसणारं काम आहे. तलावातली ती काळी माती मुळात डोंगरावरचीच. ती पुन्हा वर नेऊन टाकली तर कुणाचंच नुकसान नाही. आणि माती वरच थांबावी म्हणून ती झुडपं, तो धावडा, ते सीताफळाचं बेट. वरचं रान उघडं पडलं की तलाव भरतो तो पाण्यानं नाही, मातीनं. म्हणून त्या एका टक्क्याच्या आतल्या जंगलात कुऱ्हाड घेऊन शिरणाऱ्याला मी दोन वेळा थांबवतो. तिसऱ्यांदा भांडतो.

तरुण पोरं सांडव्यावर येतात, मोबाइल घेऊन उंबऱ्यावर उभी राहतात. येऊ देत, आपल्या शिवारात बघण्यासारखं काही आहे हे त्यांना कळायला हवं, नाहीतर ती लोणावळ्याला जातील. पण लोणावळ्याच्याच भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात ३० जून २०२४ला एकाच कुटुंबातली पाच माणसं, त्यात लहान लेकरं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाहून गेली. पाणी वाढायला लागलं की पाचच मिनिटांत माणसाच्या पायाखालचा खडक जातो. आमच्या सांडव्याचं शेवाळ तर पाणी कमी असतानाच जास्त निसरडं असतं. म्हातारी पोरांना ओरडून सांगते, “आरं, तिकडून बगा, वरून नगं!” ती बसते त्या खडकावरून बघितलं तर भिंतही दिसते आणि पाणीही. माझ्या मते बघायची जागा तीच आहे.

शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे असे लहान तलाव जिल्हा परिषदेकडं असतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या हजारो भिंतींवर नजर ठेवायला कुठल्याही कार्यालयाला माणसं पुरायची नाहीत, म्हणून नजर गावाचीच हवी. भिंतीवर उगवलेली वेडी बाभूळ वेळेवर उपटली नाही तर तिची मुळं गाभ्यापर्यंत जातात आणि मुळांच्या वाटेनं पाणी पाझरतं. सांडव्याच्या चरात पडलेला दगड, अडकलेली फांदी, वाढलेली झुडपं, हे सगळं पावसाआधी निघालं पाहिजे. उंबऱ्याची ती तड बुजवायला सिमेंटची चार पोती लागतील. गावातल्या लोकांनी येत्या उन्हाळ्यात गाळ काढायचं ठरवलं आहे, ट्रॅक्टरवाल्यांशी बोलणी चालू आहेत, कुणाच्या रानात किती ब्रास पडणार यावरून वादही झाले आहेत. पोती टाकायचा विषय तूर्त मागं पडला आहे. गाळाच्या कामाबरोबरच चर साफ करायचा आणि भिंतीवरची बाभूळ मुळासकट काढायची, असा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला आहे. म्हातारीनं त्यावर अंगठा दिला, आणि तिच्या मागं गावातल्या आणखी बायांनी दिला. लिंबाला मात्र हात लावायचा नाही, हे तिनं मला लिहायला लावलं.